काचेपलीकडचं बोलणं

"काय म्हणतोय माझा सिरिल? सांगा ना!" मिसेस ट्रेव्हिसने हेटीचा दंड धरला.

"म्हणतोय, सशाला खायला घातलंस का?"

"घातलं म्हणावं. त्याला सांगा, लठ्ठ झालाय मेला!"

साथीच्या इस्पितळाच्या खिडकीबाहेर चार-पाच आया विटांवर, पालथ्या बादल्यांवर चढून उभ्या होत्या. आत घटसर्पाची मुलं. आईबापांना आत मज्जाव, आणि बंद काचेतून आवाज येत नव्हता. पण हेटी आणि तिच्या मैत्रिणी गिरणीत माग चालवायच्या. त्या खडखडाटात ऐकू कसलं येतंय? एकमेकींचे ओठ वाचूनच त्या गावभरच्या गप्पा मारायच्या. अडायचं ते मिसेस ट्रेव्हिसचं. ती दक्षिणेकडची, बँकेतल्या कारकुनाची बायको. एरवी गिरणीवाल्यांशी ती धड बोलतही नसे. इथे मात्र हेटीला सोडत नव्हती.

आत डॉक्टर आला. सिरिलच्या खाटेपाशी तो बराच वेळ वाकून उभा राहिला, मग सिस्टरकडे वळला. सिस्टर गावातलीच. काही बोलायचं तर ती आधी खिडकीला पाठ करायची. डॉक्टर नवा होता. तो खिडकीकडे तोंड करून बोलला.

"आजची रात्र निघायची नाही. आईला आत घ्या."

बाहेर सगळ्यांच्या नजरा मिसेस ट्रेव्हिसकडे वळल्या.

"काय म्हणाला? अहो, काय म्हणाला?"

हेटीने निम्मंच सांगितलं. "तुम्हाला... आत घेताहेत."

"मला?" मिसेस ट्रेव्हिसचा चेहरा फुलला. "किती नाकदुऱ्या काढल्या मी! बघा, म्हटलं नव्हतं, आज तो जरा बरा दिसतोय?"

केस सारखे करत ती दाराकडे पळाली. बायांनी खाली उतरून तिला वाट करून दिली. आत सोडा म्हणून रोज सिस्टरशी भांडणाऱ्या त्या, पण आज एकीनेही तोंड उघडलं नाही. हेटीला स्वतःचीच चीड आली. मिसेस ट्रेव्हिसला हाक मारावी, सगळं सांगावं, असं वाटत होतं, पण ती काचेपाशीच उभी राहिली.

पलीकडच्या खाटेवर हेटीची डोरा उठून बसली होती. ती दाराकडे पाहत होती. मग खिडकीकडे वळून तिने ओठ हलवले.

"सिरिलची आई आली आत. आई, तुला कधी घेणार?"

हेटीने काचेजवळ तोंड नेलं.

"कधीच नको गं, बाळा. कधीच नको."