घाबरू नका

पोलिसांनी डबा उघडला तेव्हा एकनाथराव गर्दीत तिसऱ्या रांगेत उभे होते, आणि आत काय निघणार हे त्या शंभर माणसांत त्यांनाच ठाऊक होतं. एक वही, एक पेन्सिल, किल्ल्यांच्या दोन साखळ्या आणि प्लास्टिकचा एक हत्ती.

डबा त्यांचाच होता. हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या या बागेत, पाण्याच्या टाकीमागे, काळ्या पिशवीत गुंडाळून त्यांनीच ठेवलेला. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना हा नाद लागला होता. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. आपण डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. अनोळखी लोक हातातल्या यंत्रावर बघत तो शोधतात, वहीत नाव लिहितात आणि होता तसा ठेवून जातात. जागेची परवानगी घेतली आहे का, असं संकेतस्थळ विचारतं. एकनाथरावांनी खुशाल ‘हो’वर खूण केली होती. उभा जन्म दुसऱ्यांचे परवानगीचे अर्ज अडवून धरलेला माणूस!

ऑगस्टमधल्या स्फोटांना अजून तीन महिने झाले नव्हते. बेवारशी पिशवी दिसली की लोक पळत सुटत. आजही पोलिसांचं कुत्रं डबा हुंगून गेल्यावरच गर्दी पुन्हा जवळ आली होती. डबे काढून आणायला हवेत, हे त्यांनाही कळत होतं. उद्या आणू, उद्या आणू, असं चाललं होतं.

टाकीमागे वाकलेला असताना रखवालदाराने पकडलेला तिशीतला मुलगा जीपपाशी उभा होता. एका हवालदाराने त्याचं मनगट धरलं होतं. आधी त्याने पेन पडलं म्हणून सांगितलं. खेळाचा दंडकच तसा, बाहेरच्याला सुगावा लागू द्यायचा नाही. मग घाबरून तो खरं सांगायला लागला, पण एकदा खोटं पकडलं गेल्यावर त्याचं कोण ऐकणार?

इन्स्पेक्टर वही चाळू लागला. नावं होती, पण माणसांची वाटतील अशी नव्हती. प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि इंग्रजीत तीच चार अक्षरं, टीएफटीसी. डब्याबद्दल आभार, एवढाच त्याचा अर्थ. खेळणारे सगळे तसंच लिहितात. इन्स्पेक्टरने मुलाला विचारलं, ही कुठली संघटना? मग शेवटची ओळ मोठ्याने वाचली. बिर्याणीबाबू, आजची तारीख, सकाळी नऊ दहा.

एकनाथराव टाचा उंचावून मुलाकडे बघू लागले. हा बिर्याणीबाबू! यांचा एकही डबा त्याने सोडला नव्हता. संकेतस्थळावर चार गमतीच्या ओळी लिहायचा, दिवाळीला आठवणीने शुभेच्छा पाठवायचा. दीड वर्षाची ओळख, आणि चेहरा आज दिसत होता, तोही भीतीने पांढराफटक पडलेला.

इन्स्पेक्टर वहीच्या पहिल्या पानावर आला. तिथे चिठ्ठी डकवलेली होती. चुकून कोणाला डबा सापडला तर त्याने भिऊ नये म्हणून अशी चिठ्ठी ठेवायची असते, तीही तिथल्या लोकांच्या भाषेत. एकनाथरावांनी ती मराठीत लिहिली होती. ज्यांच्या चार पिढ्या हैदराबादेत गेल्या, ते तिथले लोक नाहीत तर कोण? लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

इन्स्पेक्टर शाळेतल्या हिंदीच्या जोरावर अक्षरं लावू लागला. “घाबरू... नका. ये घाबरू कौन है? तुम्हारा साथी?”

“मराठी है, साब,” मुलगा म्हणाला. “मेरेकू नहीं आती.”

“मराठी किसकू आती यहाँ?” इन्स्पेक्टरने गर्दीला विचारलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग तो म्हणाला, ठीक आहे, याला स्टेशनवरच घेऊन जाऊ. हवालदाराने जीपचं दार उघडलं.

एकनाथरावांना बुडालेली पेन्शन दिसत होती, पेपरात छापलेलं नाव दिसत होतं, घरी कोथिंबिरीची वाट बघणारी बायको, शैला, दिसत होती. पळून जावंसं वाटत होतं. पण तो मुलगा एकदा त्या दारातून आत गेला की कधी बाहेर येईल, याचा नेम नव्हता. मग त्यांच्यातला जुना कारकून मदतीला धावला. फाइल वाचणाऱ्यावर ठपका येत नाही, सही करणाऱ्यावर येतो. आणि चिठ्ठीखाली सही नव्हती.

“मेरेकू आती,” ते म्हणाले.

लोकांनी वाट दिली. इन्स्पेक्टरने वही त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी एका दमात वाचून दाखवलं. “घाबरू नका, बोले तो डरो नक्को. ये एक खेल है. डब्बे में कुछ बुरा नहीं. एक चीज लेओ, एक चीज रखो, और डब्बा जैसा था वैसा रखके जाओ.”

गर्दीत कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. हवालदाराने मुलाचं मनगट सोडलं, तसं त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एकनाथरावांना हायसं वाटलं. वही मिटून त्यांनी परत केली.

इन्स्पेक्टर तेवढा हसला नव्हता. त्याने वही घेतली आणि दुसरा हात एकनाथरावांच्या खांद्यावर ठेवला, अगदी हलका.

“अच्छा पढे, साब. चष्मा जेब में, फिर भी कहीं अटके नहीं.” तो त्यांच्या कानाशी वाकला. “अब बोलो, और कित्ते डब्बे हैं?”

मलकपेठेत एक होता. आणि आबिड्सला, पोस्टाच्या भिंतीला लागून, एक.