पत्र हुंगणारी आजी

लिखाण करून देणारं एआय बनवण्यासाठी नोकरी सोडलेली पोरगी बाहेर बाकावर बसली होती. आज गुंतवणूक मिळाली नाही तर तिचं दुकान बंद. आत पैसे गुंतवणाऱ्या काकांचा आपल्या तीन भागीदारांवरही भरवसा नव्हता. ढापाढापी नको म्हणून प्रत्येकानं मत घरून लिहून आणायचं आणि कागद पालथा ठेवायचा, असा त्यांचा नियम. त्यांनी पहिला उलटला. “नकार. माझी आजी खरं पत्र वासावरून ओळखायची. यंत्राच्या लिखाणाला वासच नाही.” दुसऱ्यातही आजी. तिसऱ्यातही आजी हुंगतच होती. “तिघांची आजी एकच?” काकांनी विचारलं. “लांबचं नातं असेल,” वकील भागीदार पुटपुटला. “त्या पोरीच्याच यंत्राकडून तिलाच नकार लिहून घेतलात?” “तुमचा कागद कुठाय, काका?” काकांनी खिशावर हात ठेवला. सकाळी त्यांच्याही कागदावर यंत्रानं लिहिलेली आजी वाचताना त्यांचे डोळे भरले होते. “पोरीला आत बोलवा,” ते म्हणाले, “आजीबद्दल बोलायचंय.”