झाकणभर करंट

मिठाच्या पाण्यात करंट सोडून सायवनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी पाणी शुद्ध करायचं औषध बनवलं, त्यातलं झाकणभर शुक्रीच्या पाण्याच्या हंड्यात ओतलं आणि पाड्यावरची माणसं मागे सरली. “करंट पाण्यात राहिला असंल,” पांड्या म्हणाला. गेल्या पावसात ओहोळाच्या पाण्याने जुलाब लागून शुक्रीचा मुलगा दगावला होता, म्हणून तिने हंडा घरात घेतला. तरी करंट बाधला तर असावं म्हणून औषध न घातलेल्या ओहोळाच्या पाण्याचं मडकं कोपऱ्यात ठेवलंच. सिस्टरनी थांबायला सांगितलेला अर्धा तास झाल्यावर सासूने हंड्यातून पेला भरला. ताडी पिण्याआधी पूर्वजांसाठी सांडतात तसे चार थेंब तिने जमिनीवर टाकले, ठिणगी उडते का पाहिलं आणि गटागटा प्यायली. शुक्री तिच्या बोटांकडे बघत राहिली. बोटं थरथरली नाहीत. शुक्रीने पेला भरून लेकीला हाक मारली. रविना कोपऱ्यातून ओठ पुसत आली. “मला नको करंटचं. मी मडक्यातलं प्यायले, दादा प्यायचा तेच.”