पहिला आटा हातानं

जुना सेन्सर एकदाचा निघाला. गंजून बसला होता. इंजिन तापवलं, तेल मारलं, पान्याला लोंबकळावं लागलं, तेव्हा कुठं हलला. राजेसाबनं तो बाजूला टाकला आणि नवा उचलून धुराच्या पाईपाच्या भोकाशी धरला.

खरं काम पुढंच होतं. पहिला आटा बोटांनी धरायचा, पाना नंतर. आटा तिरका बसला आणि त्यावर पान्याचा जोर लावला की भोकाचे आटे कापले जातात. मग सेन्सर राहतो बाजूला आणि अख्खा पाईप बदलायची पाळी येते. अक्कलकोट रोडवरच्या या गॅरेजात जो कुणी शिकला, त्याला राजेसाबनं आधी हेच शिकवलेलं. शिकवताना तो डोळे मिटून आटा धरून दाखवायचा.

आज त्याचे डोळे टक्क उघडे होते. बोटांना काही कळतच नव्हतं. रक्तातल्या साखरेनं आधी टोकं बधिर केली, मग पेरं. घरात कुणाला माहीत नव्हतं, भागीदार मल्लप्पाला तर मुळीच नाही. बोटं गेलेल्या मिस्त्रीच्या हातात गाडी कोण देणार? आणि गाडीशिवाय त्याला दुसरं येत काय होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो दुखणं अंगावर काढत होता. आता याला दुखणं तरी कसं म्हणावं? दुखत तर काहीच नव्हतं.

"मल्लप्पा, त्यो कॉम्प्रेसर बंद कर."

"का रं?"

"डोकं उठलंय."

कॉम्प्रेसर थांबला. राजेसाबनं कान देऊन सेन्सर आधी उलटा फिरवला. उलटं फिरवताना आटा जागेवर उतरला की बारीक टक् वाजतं. वाजलं. मग त्यानं सुलटा फिरवला. एक वेढा, दुसरा वेढा. बसला. त्याला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. त्यानं पाना घेतला आणि सेन्सर आवळला.

"हात, राजेसाब. हात काढ की. पाईपाला लागलाय."

राजेसाबनं हात काढला. मग आठवल्यासारखा झटकला आणि बोटांवर फुंकर घातली. "आयला, लई तापलाय."

करंगळीची कड पांढरी पडली होती. मल्लप्पा त्या बोटाकडं बघत राहिला.

गाडी वैजयंतीबाईंची. त्या मंगळवेढ्याच्या शाळेत शिकवतात आणि गाडीनंच जाऊन येऊन करतात. सावलीतल्या खुर्चीवरून त्यांनी विचारलं, "झालं का चाचा? आता तरी पेट्रोल कमी पिईल ना?"

"पिईल की ताई. धूर कसा जातोय त्ये तिला कळत न्हवतं. अंदाजानं पीत हुती."

मल्लप्पानं बॉनेटवर वाकून राजेसाबला आत बसायला सांगितलं. "रेस दे. जोड फुसफुसतोय का बगतो. दोन हजारावर धर."

राजेसाबनं पाय ठेवला आणि इंजिन किंचाळलं.

"आरं, हळू."

त्यानं पाय उचलला. आवाज पार खाली पडला. पुन्हा दाबला, पुन्हा किंचाळलं. शेवटी त्यानं समोरच्या काट्यावर नजर ठेवली. काटा चढला की पाय सोडायचा, उतरला की दाबायचा. काटा दोन हजारावर थरथरत उभा राहिला. आपला पाय किती दाबलाय, हे त्याला काट्याकडं बघून कळत होतं. बोटांचं त्याला माहीत होतं. पायाचं आज कळलं. घाबरायला हवं होतं, पण ती भीतीसुद्धा लांब कुणाच्या तरी घरातली वाटली.

"जोड पक्का हाय," मल्लप्पा म्हणाला.

वैजयंतीबाई येऊन शेजारच्या सीटवर बसल्या. काम झालं की गिऱ्हाइकाला शेजारी बसवून राजेसाबनं एक फेरी मारायची, ही या गॅरेजची रीत होती. त्याशिवाय गिऱ्हाईक गाडी नेत नसे. वैजयंतीबाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि निर्धास्तपणे पट्टा लावला. राजेसाबनं त्यांच्याकडं बघितलं. गाडी चालू ठेवूनच तो खाली उतरला.

"फेरी तू मार, मल्लप्पा."

"मी?"

"गुडगा धरलाय माजा. मी रस्त्यावर गाड्या थांबवतो."

एप्रिलची दुपार होती. राजेसाबनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात वर केला. एक एसटी थांबली, तिच्यामागं रिक्षा थांबल्या. आता गाडी मागं येऊन रस्त्याला लागायला हवी होती. ती जागची हलली नाही. एसटीवाल्यानं हॉर्न वाजवला.

गाडीच्या खिडकीतून मल्लप्पाचा हात बाहेर आला. हातात एक चप्पल होती.

"राजेसाब, ही हितंच राहिली की तुजी. ब्रेकखाली."

पलीकडून वैजयंतीबाईंनी मान बाहेर काढली. "अहो चाचा, डांबर केवढं तापलंय. पाय भाजत नाही का?"

राजेसाबनं खाली बघितलं. उजवा पाय उघडा होता. मघाशी हात झटकला तसा पायही झटकता आला असता. त्यानं झटकला नाही.

"न्हाय, ताई," तो म्हणाला.

मल्लप्पानं इंजिन बंद केलं. तो चप्पल घेऊन रस्त्यावर आला आणि हॉर्न वाजत असतानाच वाकून त्यानं ती राजेसाबच्या पायापुढं ठेवली. राजेसाबनं पाय पुढं सरकवला. आत गेला का, ते दोघांनीही खाली बघितलं.