इंद्रपुरीचा डॉक्टर

"कुणाकडेही जा बाबा, पण इंद्रपुरीतल्या त्या सक्सेनाकडे नको," अनुराधा म्हणाली, आणि भालचंद्ररावांनी तिथल्या तिथे ठरवलं, जायचं तर सक्सेनाकडेच.

परवा गोविंदपुऱ्याच्या नाक्यावर खाल्लेली कचोरी त्यांना चांगलीच भोवली होती. अंगात ताप होता, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. पण कारखान्याच्या दवाखान्यात पाऊल टाकायला ते तयार नव्हते. तिथे निम्मे लोक ओळखीचे. फोरमनसाहेबांचं पोट बिघडल्याची बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्कशॉपमध्ये झाली असती.

"काय वाईट आहे त्या सक्सेनात?"

"नवीन आहे. अन् भारी शिष्ट आहे म्हणतात."

"असू दे शिष्ट. मला त्याच्याशी सोयरीक नाही करायची," म्हणत त्यांनी भिंतीला धरून चपला चढवल्या. सुलभाताई नवऱ्याशी वाद न घालता रिक्षा बोलवायला गेल्या.

डॉक्टर तरुण निघाला. त्याने पोट दाबून पाहिलं, तपासण्या करून घेतल्या आणि शांतपणे सांगितलं, "जंतुसंसर्ग आहे, काका. गोळ्यांनी बरा होईल." सक्सेना असून मराठी बोलत होता! फक्त 'ळ' तेवढा जिभेवर अडत होता. भालचंद्ररावांचं निम्मं दुखणं तिथेच पळालं.

चार घास पचायला लागले तसे ते गोळ्यांना कंटाळले. डॉक्टर मुद्दाम त्यांच्या बरखेड्याच्या क्वार्टरवर आला. "पूर्ण कोर्स सगळ्यांना झेपत नाही, काका. तुमच्या वयात तर कठीणच," तो हळहळला. भालचंद्ररावांनी इरेला पेटून शेवटची गोळीही गिळली.

तो आला की अनुराधा मात्र चहाचा कप आदळून आत निघून जायची. तिचं वागणं बघून त्यांचा जीव तुटायचा. पोरीवर त्यांचा फार जीव. एकदा तिने कुणा मुलाचा विषय काढला होता, तेव्हा नाव कानावर पडायच्या आत ते उठून फिरायला गेले होते. तेव्हापासून त्यांनी आणलेलं प्रत्येक स्थळ ती मोडत आली होती. आपल्यामागे हिचं कसं होणार, ही काळजी त्यांना पोटाच्या दुखण्यापेक्षा जास्त पोखरत होती.

ठणठणीत बरे झाल्यावर ते बेसनाचे लाडू घेऊन दवाखान्यात गेले.

"डॉक्टर, स्पष्टच विचारतो. लग्न ठरलंय तुमचं?"

"नाही, काका."

"मग आमच्या अनुराधाचा विचार करा. तुम्ही आपल्यातले नाही, लोक बोलतील. बोलू देत. माणूस बघायचा की आडनाव?"

डॉक्टरने लाडवांचा डबा टेबलावर नीट सरकवून ठेवला.

"फक्त ती आधी नाही म्हणेल. तुमचं नाव काढलं तरी फणकारते. पण तुम्ही घाबरू नका. ती जितकं नको म्हणेल, तितका मी हट्टाला पेटेन. माझा स्वभावच तसा आहे."

"हो, काका," डॉक्टर मान खाली घालून म्हणाला. "अनुराधा म्हणालीच होती, बाबा असंच म्हणतील."