चार दिवस घाला

बूट चावतोय अशी कुणी कुरकुर केली, की दुकानदार गेली तीस वर्षं एकच सांगत आला होता, "चार दिवस घाला, आपोआप सैल होतात."

दिवसभर उभं राहून आता त्याचीच टाच ठणकू लागली. शेवटी लंगडत तो दुकानासमोरच्याच पायांच्या दवाखान्यात गेला. बाकावर त्याचीच चार गिऱ्हाइकं नवे बूट काढून अंगठे चोळत बसली होती. त्याने कुणालाच ओळख दिली नाही.

थेरपिस्टबाईंनी तळवा दाबला, तसा तो कळवळला. "दुकान बंद करावं लागेल का हो, बाई?"

"भलतंच काय बोलता, काका! रोज हा व्यायाम करा, मऊ तळाची चप्पल घाला. महिन्यात ठणठणीत करते तुम्हाला. तुम्ही दुकान बंद केलंत, तर माझ्याकडे येणार कोण?"