वाटीतलं वंगण

थंडीने वाटीतलं वंगण दगडासारखं झालं होतं. मेण आणि कोकमाचं तेल घालून केलेलं ते वंगण गरम असल्याशिवाय गोळीला चिकटायचं नाही, म्हणून आत्माराम परबांनी वाटी चुलीच्या वैलावर ठेवली. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या साच्यातून दाबून एका मापाच्या करायच्या, त्यांना वंगण माखायचं आणि दिवेलागणीआधी परवान्याची बंदूक घेऊन मळ्यात पोचायचं, असा बेत होता. रानडुकरांनी निम्मी रताळी उकरून फस्त केली होती. उरलेली तरी आज वाचवायची होती.

साचा आणायला ते माळ्यावर चढले. उतरून पाहतात तर वाटी गायब! मागच्या दारी पायरीवर त्यांची बायको यमुना पाय पसरून बसली होती आणि तिची भेगाळलेली टाच वंगणाने चकचकत होती.

"अहो, आठवडाभर कण्हतेय मी. वाटलं, तुमचं लक्षच नाही," ती त्यांच्याकडे डोळे भरून बघत म्हणाली. "आणि तुम्ही तेल गरमसुद्धा करून ठेवलंत!"

वंगण, गोळ्या, रताळी, सगळं परबांच्या ओठांवर आलं. पण लग्न झाल्यापासून बायको त्यांच्याकडे अशी पहिल्यांदाच बघत होती. त्यांनी पायरीवर बसकण मारली.

इतक्यात खालून मळ्यातून गुरगुर ऐकू आली.

"डुकरं आली वाटतं हो!"

"येऊ देत," परब वाटीत बोटं बुडवत म्हणाले. "तू दुसरा पाय दे आधी. गार झालं की चिकटत नाही ते."